स्पिनिंग किती दिवसांपासून?

१४ मार्च १९८३, लातूर

अनफिट! मी! चार वर्षं सूतगिरणीच्या स्पिनिंग खात्यात रिंग फ्रेमवर उभी राहिले, एक खाडा नाही — आणि कागदावर अनफिट.

परमनंट करायच्या आधी गिरणीनं सगळ्या बायांची तपासणी केली. जिल्हा नवा, डॉक्टरही नवा. अर्धं इंग्रजीच बोलतो. "खोकला? ताप? स्पिनिंग?" मी म्हणाले, "हाव साहेब. चार वर्षं झाले." त्यानं वर बघितलं. "रोज?" "रोज. आठ तास." भराभरा लिहून घेतलं. मला वाटलं, खूश झाला!

१५ मार्च

ऑफिसातल्या विरूपाक्षअण्णांनी कागद वाचून दाखवला. चार वर्षांपासून, रोज आठ तास चक्कर! हसले, मग माझं तोंड बघून डिक्शनरी काढली. स्पिन — सूत कातणे. गरगर फिरणे. डोकं गरगरणे. कोळ्यानं जाळं विणणे. गोष्ट रचून सांगणे, तेही हेच! मला आमचं खातं तेवढं ठाऊक. एवढ्या मोठ्या भाषेत चक्करला वेगळा शब्द नसावा?

"उद्या डॉक्टरला सांग, नीट होईल," अण्णा म्हणाले.

१६ मार्च

गेले नाही.

सकाळी टँकरच्या रांगेत कस्तुरामावशीला सांगितलं. शेजारच्या खोलीतली, वायंडिंगला — सूत गुंडाळायच्या खात्यात — आहे. मला गिरणीत तिनंच लावलं. ऐकून तिनं घागर खाली ठेवली. "मला बी तेच इचारलं की गं. मी म्हन्ले, न्हाई साहेब, मी वायंडिंगला."

ती फिट! आणि तिलाच दिवाळीपासून चक्कर येते. दोनदा मशीन सोडून खाली बसलेली मी पाहिलीय.

मी चूक सांगितली की डॉक्टर सगळ्यांना पुन्हा विचारणार. या खेपेला मराठीत.

१७ मार्च

दिवसभर तोच विचार करून राहिले. गिरणीतलं काम सुटलं की रोजगार हमीवर खडी फोडायची, दुसरं काय आहे या दुष्काळात? मी फोडीन. पण माझी पोरगी सिंधु औंदा जूनला दहावीत जाणार. मावशीचं वय पन्नासच्या पुढं. उन्हात पडली तर? आणि मशीनवर पडली तर? गप्प राहून मी तिला वाचवते का मारते — कळेना.

ती म्हणते, "पंचशीला, तुझं तू बघ. माझ्यापायी लेकराची शाळा बुडवू नको."

१८ मार्च

डॉक्टरच्या दारापर्यंत गेले. परत आले.

१९ मार्च

मी फिट. अण्णा सांगायला घरी आले.

काल मावशी स्वतःच डॉक्टरकडं गेली होती. "त्या पोरीनं कामाचं सांगितलं. फिरतंय ते माझं." परमनंटच्या यादीतलं तिचं नाव खोडलं.

पळत तिच्या खोलीवर गेले. हातोडीला दांडा बसवत होती. म्हणाली, "डॉक्टर भला हाय गं. मराठीत सांगितलं की समदं कळलं त्याला."