नाशकातला अटीचा सामना

नाशिक, मंगळवार
१३ डिसेंबर १९५५

ती. गोजाअक्कास,
भिकाचा सा. न. वि. वि.

रविवारी सुखरूप पोचलो. मोखाड्यापुढे एसटी दोनदा तापली, दोन्ही वेळा आम्हीच उतरून ओहोळाचं पाणी आणून घातलं. कमू मजेत आहे, पण लगेच घरी यायला तयार नाही. तिच्या कॉलेजच्या मुली बास्केटबॉलच्या अंतिम सामन्यात पोचल्यात, येत्या रविवारी पुण्याच्या कॉलेजशी गाठ आहे. पाच पोरी इकडे, पाच तिकडे, नि उंच खांबावरच्या लोखंडी कड्यातून चेंडू टाकायचा, असा तो खेळ. हिची आई गेल्यापासून तूच हिला वाढवलीस, तेव्हा हे लाड तुझेच!

पंचवीस तारखेला पोशेऱ्याची मंडळी बघायला येणार, हे मी तिला बजावलं. मुलगा शाळामास्तर, घरचा भात, आणखी काय हवं? तिचं एकच, आणखी दोन वर्षांनी बी.ए. होते, मग बघा. शेवटी मी अट घातली. जिंकलीस तर खुशाल शीक, मी ब्र काढणार नाही. हरलीस तर मुकाट्याने घरी यायचं आणि पोशेऱ्याला हो म्हणायचं. पोरगी लगेच कबूल झाली.

जिंकली तर काय, असं विचारशील. नाही जिंकत. पुण्याच्या पोरी इथेच उतरल्यात, दोन दिवस दोन्ही संघांचा सराव मैदानाकडेला बसून बघतोय. तिकडची एकेक ताडमाड, आपली कमू त्यांच्या खांद्याला लागते. पुणं दहा गुणांनी जिंकणार, लिहून ठेव. इतकी वर्षं कचेरीत काढली, माणूस पाहिला की मला कळतं. तू आपले पाहुण्यांसाठी नागलीचे पापड वाळव.

लोभ आहेच, पापड लाटताना तो आटू नये.
तुझा, भिका


जव्हार, १५ डिसेंबर

चि. भिकास, अ. आ.

पत्र आजच मिळालं. अरे, पोरीचा जन्म चेंडूवर टाकलास? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?

छातीठोक सांगण्यात तुझा हात कोण धरणार म्हणा! संस्थान काही विलीन होत नाही, असं तू चावडीवर बसून सांगत होतास, नि महिन्याभरात कचेरीवरची पाटी बदलली. तेव्हा कमू हरणार असं तू म्हणालास, तर मला उलट धीर आला. शिरपामाळाच्या चढावर सुटलेलं वासरू धरून आणणारी पोर ती. उंचीचं काय घेऊन बसलास?

एक मात्र विचारते. जिंकली तर शब्द पाळशील ना? तिच्या आईने शेवटी माझा हात धरून, पोरीला शिकवा, एवढंच मागितलं. तू तिथेच उभा होतास. मी विसरलेली नाही.

थंडी पडलीय, कान बांधून बस. दोघांना आशीर्वाद, तिला जरा जास्त.
अक्का


नाशिक, रविवार
१८ डिसेंबर

ती. आत्यास,
कमूचा शि. सा. न. वि. वि.

आत्या, हरलो गं. एका गुणाने. आबा दहाने म्हणत होते, तेवढं त्यांचं चुकलं. शेवटचं अर्धं मिनिट उरलं होतं, आम्ही एकाने पुढे, चेंडू माझ्याकडे. तो फक्त सांभाळायचा होता. माझं लक्ष गेलं आणि समोरच्या मुलीने तो नेऊन कड्यात टाकला. चूक माझी एकटीची. मैत्रिणींनी उलट मलाच पाणी आणून दिलं, त्याचंच जास्त लागलं.

अट मी माझ्या तोंडाने कबूल केली होती. उद्या लायब्ररीची पुस्तकं परत करते आणि शुक्रवारच्या गाडीने आबांबरोबर येते. सामना संपल्यापासून आबांनी चहासुद्धा घेतलेला नाही. त्यांना काही विचारू नकोस. पोशेऱ्याच्या मंडळींसमोर कोणतं लुगडं नेसायचं, ते तूच ठरव.

रडू नकोस, मीही रडलेली नाही. माया आहे तशीच ठेव.
तुझी, कमू


नाशिक, मंगळवार
२० डिसेंबर

ती. अक्कास, सा. न. वि. वि.

लक्ष गेलं, असं कमूने तुला लिहिलं असेल. कुठे गेलं ते लिहिलं नसेल. ते मी लिहितो.

पुणं जिंकावं म्हणूनच मी गेलो होतो, खोटं कशाला सांगू. पहिली दहा मिनिटं गप्प बसलो. मग आपल्या पोरीने त्या ताडमाड पोरींच्या बगलेखालून चेंडू काढला नि कड्यात टाकला, आणि मी उभा राहिलो तो पुन्हा बसलोच नाही. टोपी कुठे उडाली ठाऊक नाही. शेजारच्या प्रोफेसरांना मी दोनदा मिठी मारली म्हणे. शेवटी एकाने आपण पुढे होतो, तेव्हा मला एवढंच ओरडायचं होतं, की पोरी, सांभाळ. तोंडातून निघालं ते तिचं नाव, अंगणातून मारतो तशी खणखणीत हाक.

आपल्या घरचं वळण तुला माहीत. बापाची हाक आली की असेल तिथे थांबायचं, वळायचं नि ओ द्यायची. भर मैदानात पोर थांबली, माझ्याकडे वळली आणि तिने ओ दिली. तेवढ्यात चेंडू गेला.

आज सकाळी हॉस्टेलवर गेलो. ओट्यावर तिची भरलेली ट्रंक. मला वाटलं, आता तरी चिडून बोलेल. तिने मला विचारलं काय, तर दोन दिवस मी नीट जेवतोय का. अक्का, मी तिथेच पायरीवर बसून रडलो. लोक बघत होते, बघू देत.

ट्रंक मी उचलून आत ठेवायला लावली. ती ऐकेना, दिलेला शब्द मोडायचा नाही म्हणाली. शेवटी आवाज चढवावा लागला. पोशेऱ्याच्या मंडळींना निरोप धाड, की मुलगी बी.ए. झाल्याशिवाय बोलणं नाही. तिची आई हेच म्हणाली होती, मीही विसरलो नव्हतो, नुसता गप्प होतो. पुढच्या वर्षी ही जिंकणार हे नक्की. मी बघायला येईन, पण तोंडात रुमाल कोंबून.

कमूला मी सांगितलं, अट मोडलेली नाही. हरणाऱ्याने घरी जायचं ठरलं होतं आणि हरलोय मी. शुक्रवारच्या गाडीतून एकटाच उतरेन.

दारात आल्यावर रागाव, पण घरात घे.
तुझा, भिका