काडतुसाच्या बुडातली हळद

बाबा,
वरण झालंय, भात तुम्ही लावा. मी नेमबाजीच्या क्लबवर जाते.

काल काडतुसांच्या बुडात ठिणगीच्या टोप्या बसवताना सात पितळी पुंगळ्या चेपल्या. "सईचा हात जड आहे," म्हणालात आणि रविवारच्या सामन्यातून माझं नाव काढून केदारदादाचं घातलंत.

आज उरलेल्या रिकाम्या पुंगळ्यांची बुडं सुईने खरवडली. बशीत पाहा काय निघालं. हळदकुंकू! दसऱ्याला पुंगळ्या पूजेत कुणी मांडल्या होत्या? टोपीच्या खळग्यात गंध वाळून बसल्यावर टोपी आत जाणार कशी?

दादा मानकोली नाक्यावरच्या ड्युटीवरून आला की बशी त्यालाही दाखवा. पुंगळ्या धुऊन मी सोबत नेतेय. नाव मी परत लिहून घेते.

सई

ता. क. पुढच्या दसऱ्याला काही पूजायचंच असेल तर हा जड हात पूजा.