नावापुढचं बी.ए.

२ जानेवारी, सकाळी ६.४०
शिवलीलाचं लग्न २ मार्चला. काल बार्शीहून व्याह्यांनी पत्रिकेसाठी त्यांच्याकडची नावं पाठवली. स्वतः ईश्वरप्पा, एम.कॉम., बी.एड. त्यांचे थोरले भाऊ, बी.एस्सी. ॲग्री. नवरामुलगा नंदीश, बी.ई. मुलाच्या मामाच्या नावापुढंसुद्धा डी.फार्म. आमच्या बाजूला पोरगी एम.एस्सी. आणि तिचा बाप नुसता गुरुशांत.

हे चालणार नाही. मुक्त विद्यापीठाचा माझा एकच विषय राहिलाय. चिकित्सक वाचन, चिकित्सक विचार आणि निबंधलेखन. परीक्षा नाही, घरून आठशे शब्दांचा निबंध लिहून द्यायचा, ३१ तारखेपर्यंत. रोज तीस शब्द लिहिले तरी होतो. म्हणजे झालाच म्हणायचा.

४ जानेवारी
दुपारी चादरी-टॉवेलला गिऱ्हाईक नसतंच. दुकानात पुस्तिका वाचायला घेतली. महत्त्वाच्या ओळी लाल पेननं अधोरेखित करा, असं पहिल्याच पानावर दिलंय. केल्या. सगळंच महत्त्वाचं निघालं. बत्तीस पानं झाल्यावर फक्त छापखान्याचा पत्ता कोरा राहिला, त्यामुळं आता तोच तेवढा पाठ झालाय. पेन संपलं.

७ जानेवारी
चिकित्सक विचार म्हणजे प्रत्येक गोष्टीला 'कशावरून' विचारायचं. आज सुरुवात केली. एका बाईंनी चादर हातात घेऊन रंग टिकेल का विचारलं. एरवी मी डोळे झाकून हो म्हणतो. आज म्हणालो, चांगला प्रश्न आहे, पण टिकणं म्हणजे तुम्हाला नेमकं काय अपेक्षित आहे? बाई समोरच्या दुकानात गेल्या. तिथं डोळे झाकून हो म्हणाले असणार. समाज अजून तयार नाही.

९ जानेवारी, सकाळी ६.१०
सिद्धेश्वरीनं शेंगाचटणीचा डबा वरच्या फळीवर नेऊन ठेवला. माझं पित्त वाढलंय म्हणे. मी कशावरून विचारलं, तर तिनं गोळ्यांची सात रिकामी पाकिटं पुढ्यात ठेवली. बायको अक्कलकोटची आहे, वाद घालून उपयोग नसतो.

म्हणून 'विजापूर रोड मॉर्निंग वॉक' ग्रुपवर एक मेसेज टाकला. ती त्या ग्रुपवर आहे, वाचेल. 'संशोधनानुसार रोज दोन चमचे शेंगाचटणी खाल्ल्यास स्मरणशक्ती चाळीस टक्के वाढते.' संशोधन माझंच, आत्ताच चहा पिताना केलं. पन्नास टक्के लिहिणार होतो, पण ते खोटं वाटलं असतं. बारा अंगठे आले. डबा वरच.

२० जानेवारी
मधले दिवस आमच्या सोलापूरच्या यात्रेत गेले. पाहुणे, जेवणावळी, पोरांना गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसवणं. अशा दिवसांत चिकित्सा करत बसणं बरं दिसत नाही. आज मात्र बसलो. निबंधाचा विषय: मोबाईलवर आलेली माहिती कशी तपासावी. पहिलं वाक्य लिहिलं, 'मानव हा विचार करणारा प्राणी आहे.' शिवलीला म्हणाली, अप्पा, ह्याचा विषयाशी काय संबंध? तिला समजावलं की प्रस्तावनेचा संबंध नसतो, संबंध पुढं येतो. एम.एस्सी. झाली तरी हे शिकवत नाहीत.

सहा शब्द झाले. राहिले सातशे चौऱ्याण्णव.

२४ जानेवारी, रात्री
निबंधाला उदाहरण पाहिजे होतं, ते आपल्या पायानं चालत आलं. व्याह्यांनी बार्शीहून मेसेज पाठवला. 'जर्मनीतील शास्त्रज्ञांचा निष्कर्ष: शेंगाचटणीने स्मरणशक्ती साठ टक्के वाढते.' एम.कॉम., बी.एड. माणूस काहीही पाठवणार नाही. तरीही मी घाई केली नाही. पुस्तिकेत दिलंय की माहितीला दुसरा स्वतंत्र आधार शोधा. संध्याकाळी मेव्हणीकडून अक्कलकोटहून तोच मजकूर कन्नडमध्ये आला. त्यात शेंगा हिंडी लिहिलंय, म्हणजे आपली चटणीच. दोन गावं, दोन भाषा, निष्कर्ष एक. आता कुणाचा बाप खोडू शकत नाही.

२५ जानेवारी
मसुदा सिद्धेश्वरीला वाचून दाखवला. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, हे तर तुमीच लिवलेलं हाय की, त्या दिवशी चहा पिताना. मी तिला शांतपणे सांगितलं की मी चाळीस म्हणालो होतो, जर्मन साठ म्हणतात, म्हणजे दोन्ही वेगळे. उलट माझा नुसता अंदाज होता, त्यांनी तो सिद्ध केला. ती म्हणाली, जर्मनीत शेंगाचटणी कुटं मिळती? बारीकसारीक मुद्द्यांवर अडून बसायची तिची सवय जुनीच आहे.

३० जानेवारी
निबंध दिला. एक दिवस आधी. शेवटचे दोनशे शब्द आज दुकानात एका बैठकीत काढले, त्यात 'म्हणूनच असे म्हणावेसे वाटते' चार वेळा आलं, पण प्रत्येक वेळी मनापासून. अभ्यासकेंद्राच्या रत्नम्मा मॅडम तपासणार. त्या आमच्या मॉर्निंग वॉक ग्रुपवरही आहेत. ओळखीच्या आहेत हे बरंच झालं.

४ फेब्रुवारी
प्रेसवाला शरणबसव म्हणाला, मजकूर आज फायनल करा, नाहीतर पत्रिका वेळेत मिळणार नाहीत. निकाल १२ तारखेला. मी माझ्या नावापुढं बी.ए. घालायला सांगितलं. शिवलीला म्हणाली, अप्पा, निकाल लागू दे की. सिद्धेश्वरी म्हणाली, कशावरून पास हुताय? हा शब्द तिला मीच शिकवला, आता माझ्यावरच चालवते. मी म्हणालो, दोन स्वतंत्र आधार आहेत.

७ फेब्रुवारी
पाचशे पत्रिका आल्या. नाव फार छान उठलंय. गुरुशांत, बी.ए. बऱ्याच वेळा वाचलं. चिकित्सक नजरेनं.

१२ फेब्रुवारी, दुपारी ३
तीसपैकी नऊ. पासिंगला बारा लागतात. पुन्हा जूनमध्ये.

मॅडमनी प्रस्तावनेवर प्रश्नचिन्ह काढलंय. चटणीच्या परिच्छेदाशेजारी बारीक अक्षरात लिहिलंय: 'हा मेसेज आपण स्वतः ९ जानेवारीला सकाळी ६.१० वाजता ग्रुपवर टाकला होता. मी त्या दिवसापासून सासूबाईंना चटणी देत होते. त्यांना पित्ताचा त्रास सुरू झाला आहे.'

केंद्राबाहेर पायरीवर बसून हे लिहितोय. लाज वाटली. नापास झाल्याची कमी, सासूबाईंची जास्त. आणि घरी पाचशे पत्रिका.

१५ फेब्रुवारी
मला वाटलं होतं घरात बोलणी बसतील. उलट सकाळी मायलेकी पत्रिकांना हळदकुंकू लावायला बसल्या. चार कोपऱ्यांना चार बोटं, नेहमीसारखी. मग सिद्धेश्वरीनं ओल्या कुंकवाचं पाचवं बोट घेतलं आणि माझ्या नावापुढं ठेवलं, बरोबर बी.ए.वर. एक झाली, दुसरी घेतली. मीही मांडी घालून बसलो. शंभरेक मी लावली. माझंच बोट जरा आधी पडायचं, निम्मा गुरुशांत झाकला जायचा.

१७ फेब्रुवारी
बार्शीला जाऊन पहिली पत्रिका व्याह्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावून पाहिली आणि विचारलं, नावापुढं कुंकू कशाला? मी खरं सांगणार होतो. तोंडातून निघालं, आमच्याकडं तशी पद्धत आहे.

१९ फेब्रुवारी, सकाळी ७
मॉर्निंग वॉक ग्रुपवर मेसेज फिरतोय. 'वधूपित्याच्या नावापुढे कुंकू लावण्याची सोलापूरची आठशे वर्षांची परंपरा. लग्न शंभर टक्के टिकते. पुढे पाठवा.' पासष्ट अंगठे. मेव्हणीकडून कन्नडमध्येही आलाय.

सिद्धेश्वरीनं मोबाईल माझ्या ताटाशेजारी ठेवला आणि विचारलं, हे कुणी सांगितलं?

मी म्हणालो, मी.

तिनं उठून वरच्या फळीवरचा डबा काढला आणि भाकरीशेजारी एक चमचा चटणी वाढली. एकच.