शेवटच्या वर्षाचं नाव

लायडन, २९ एप्रिल २०२१

बाबा आज सकाळी पुण्यात वारले. विमानं बंद, मी इथेच.

दवाखान्यातल्या बाबांना मी फोनवर रोज एक नाव सांगायचे. एकोणिसाव्या शतकातलं एक वर्ष, आणि त्या वर्षी त्यांच्या लाडक्या अमेरिकन बेसबॉलमध्ये सर्वांत जास्त सामन्यांत समोरच्या संघाला एकही धाव न देणारा गोलंदाज. रोज एकच, म्हणजे ते उद्याची वाट बघतील.

काल शेवटचं वर्ष उरलं.

"आजच सांग गं."

"उद्या. घाई काय आहे?"

"कंजूष." हसले, मग खोकतच राहिले.

नाव समोर लिहिलेलं होतं. का नाही सांगितलं?

दादा म्हणाला, नर्सला बाबा पहाटेपासून विचारत होते, नेदरलँड्समध्ये उजाडलं का.

नाव अजून समोरच आहे.