बाहेरच्या बाकावरून

लकडगंज, नागपूर
१४ सप्टेंबर २०२५

चि. जितेंद्र,

तुह्या मायचा आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघे त्यांच्या मनानं चालतात. आंबिया बहाराच्या संत्र्याची फळगळ थांबली का? सूनबाईनं पाठवलेलं तिखट पोचलं.

मी सांगून राहिली, सोनिका लिहून राहिली. फोनवर तू ‘बरं बरं’ म्हणून ठेवून देतो. पत्र तरी शेवटपर्यंत वाचशील.

तुही पोरगी सोनिका दवाखान्यात मजेत आहे, असं मी सांगितलं होतं. तसं नव्हतं.

तिकडं किर्गिझस्तानात डॉक्टरकीत तिले शिकवलं, पेशंटले एकट्यात विचारायचं. इकडची परीक्षा पास झाली, सरकारी दवाखान्यात वर्षाची इंटर्नशिप लागली, अन् पहिल्याच आठवड्यात हिनं एका बाईच्या सासूले वॉर्डाबाहेर काढलं. सासू, दीर, गावचा कोणी काका, सगळे दारात. “आमच्या सुनेले आमच्या मागं काय विचारून राहिली?” मोठे डॉक्टर हिलेच बोलले. घरी येऊन भिंतीकडं तोंड करून निजली. दवाखान्यात जाणंच बंद.

तुले तेव्हाच सुचलं, दसऱ्याले आपल्या काटोलात दवाखाना उघडू, इंटर्नशिपचं मागून पाहू. ही हो म्हणाली. घाबरलेलं माणूस कशालेही हो म्हणते.

इथं सोनिकानं पेन थांबवला. लिही वं, म्हटलं, बापाले लिहून राहिलो, पोलिसाले नाही.

मग मीच तिच्यासंग जायले लागली. वॉर्डाबाहेर बाकावर बसते. सासू बाहेर आली की सरकून जागा देते. “कोणत्या गावच्या? सून कशी आहे?” एवढं विचारलं की दाराकडं कोणी पाहत नाही. तेवढ्यात ही आत विचारून घेते. परवा फिट येणाऱ्या एका पोरीनं सांगितलं, सासू गोळ्या लपवून ठेवते, गोळ्यांनं मूल होत नाही म्हणते. सासूसमोर ते निघालं नसतं. आता तिच्यासंगचा, फिलिपिन्सहून शिकून आलेला साहिलही म्हणते, “आजी, उद्या माह्या पेशंटसाठी बसता का?” पगार नाही, चहा मिळते.

तर दसऱ्याचं. बोर्ड रंगवला, फळबाजारात पेढे वाटले, तुही मान खाली जाईन, सगळं माहीत आहे मले. पण वर्ष पुरं झाल्याशिवाय सरकार तिले डॉक्टर म्हणत नाही. तू काहून म्हणून राहिला? अन् पहिला पेशंट कोण, तूच का? शुगर आहे तुले.

सोनिका येत नाही, असं लिही म्हटलं तिले. लिहून नाही राहिली. म्हणते, “आजी, हे तू नको सांगू. हे मी माझ्या नावानं लिहिते.”

म्हणून माह्यं इथंच संपते. खाली तिचं आहे, दुसरा कागद घेतला तिनं. मले वाचता येत नाही, त्यानंच तिले सोपं जात असंन. तू वाच. मग फोन कर. मले नाही, तिले.

तुमच्या दोघांच्या मधातून उठलेली,
तुही माय
प्रयागबाई