सहा प्रश्नांत कोणताही प्राणी

३ फेब्रुवारी, सोमवार
मीटिंग झाली. संग्रहालयातलं कणा असलेल्या प्राण्यांचं दालन मोडून तिथे स्क्रीन लावायचा घाट आहे. एकतीस वर्षं मी ते सांभाळतोय. मी सांगितलं, सहा प्रश्नांचा तक्ता करतो. नुसतं अंग न्याहाळून कोणीही सांगेल, हा मासा, हा पक्षी. मग स्क्रीन हव्यात कशाला? संचालिका इंगेयेर्द म्हणाली, ‘इंटरेस्टिंग आहे.’ दोनदा म्हणाली. दालन वाचलं.
घरी गुनवोरला सांगितलं. बायको म्हणून आनंद व्हायला हवा होता. म्हणाली, ‘अरे, आपल्याकडे इंटरेस्टिंग म्हणजे नको, हे तुला या वयात सांगायचं का?’

५ फेब्रुवारी, सकाळी ९.४०
पाटी रंगवून घेतली: ‘सहा प्रश्नांत कोणताही प्राणी’. आता प्रश्न लिहायचे. संकल्प: तक्ता पुरा होईपर्यंत सेमला, म्हणजे क्रीम भरलेला बन, बंद. क्रीम पचत नाही.

तोच दिवस, १०.१५
एक सेमला खाल्ला. दहाच्या कॉफीला सगळे बन खात असताना नुसतं बसणं म्हणजे भांडण उकरून काढणं.

११ फेब्रुवारी
प्रश्न पहिला: त्वचा ओलसर आहे का? असेल तर उभयचर. पुढे खवले, पिसं, केस. सरळ आहे.
तुवा डोकावली. ही नवी मुलगी, सगळं डीएनएवर ठरवणारी. डॉल्फिन दाखवून म्हणाली, ‘याला केस कुठायत रे?’ प्रश्न सातवा घातला. मग बिनपायांचा सरडा दाखवला. आठवा, नववा. पाटी बदलणार नाही. रंग सुकलाय.

१९ फेब्रुवारी
प्रश्न तेवीस. गुडघे दुखतात. बाहेर चिखल झालेला बर्फ. गुनवोर म्हणते, साठी उलटली, सोड की आता. थकलोय खरा, पण काम संपत आल्यावर माणूस थकतोच. सेमले दोन.

२७ फेब्रुवारी, दुपारी
चाचणी. निवृत्तांच्या मंडळातले बारा जण, हातात माझा तक्ता.
तक्ता मी जिवंत प्राणी डोळ्यांपुढे ठेवून केला होता. दालनातले सगळे मेलेले आहेत, हे एकतीस वर्षांत एकदाही मनात आलं नव्हतं. स्पिरिटच्या बरण्यांतलं सगळंच ओलं, म्हणून साप, हेरिंग मासे, उंदराची पिल्लं, सगळी उभयचर. पेंढा भरलेला बेडूक कोरडा ठणठणीत, म्हणून तो सरपटणाऱ्यांत. त्याच्या शेजारी लांडगा, कारण कसर लागून त्याचे केस झडलेत.
मी जाऊन समजावू लागलो. घामाने निथळत होतो. एब्बा नावाच्या म्हातारीने, जन्मभर सुईणीचं काम केलेल्या, चष्मा नाकावर ओढून मला पाहिलं. माझ्या टकलाला बोट लावून तक्त्यावर टेकवलं. म्हणाली, ‘अरे, तू बेडकांत निघालास बघ! मनाला लावून घेऊ नकोस हं.’ सगळे हसले. तुवा हसली नाही, ते जास्त लागलं.
चूक तक्त्याची नाही. नमुन्यांची आहे.

२८ फेब्रुवारी
इंगेयेर्दला लिहून दिलं की बरण्या पुसून आणि लांडग्याला नवे केस लावून पुन्हा चाचणी घ्यावी. उत्तर सोमवारी देते म्हणाली. नकार द्यायचा असता तर लगेच दिला असता.

४ मार्च, मंगळवार
दालन बंद. प्राणी तळघरात जायचेत. नोंद करायला मीच.
वर सगळे कॉफीला बसलेत. तुवाने माझा सेमला खाली आणून दिला. ‘मी खोकी धरू का?’ म्हणाली. नको म्हटलं. ती गेल्यावर लांडग्याशेजारी जमिनीवर बसलो आणि रडलो.
मग उठलो. वर्गवारी दुपारपर्यंत झाली. खोक्यात मावणारे, न मावणारे. शंका एकाबद्दलही आली नाही.