सांगायचा राहिलेला नकार

१२ एप्रिल

चि. सौ. बेबीस,
अ. उ. आ. विशेष हे की मी धडधाकट आहे. हे आधी लिहिलं, म्हणजे पुढचं नीट वाचशील.

या मोसमात मी स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू: आमच्या वणवा विझवणाऱ्या टोळीतल्या प्रत्येकाच्या उंचीला बेतलेले कुदळीचे दांडे, ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांतून घडवलेली दाताळी, पाठीवरच्या पंपांचे चामडी वायसर, आणि धार लावताना करवत घट्ट धरणारा शिकंजा. तो प्रशिक्षण केंद्रातल्या इंजिनिअरने उलटासुलटा करून पाहिला आणि कुठे शिकलात म्हणून विचारलं. म्हटलं, कुठेच नाही.

मंगळवारी हे सगळं घेऊन आम्ही वणव्यावर गेलो. तुझे यजमान, म्हणजे आमचे साहेब, यांनी घळीत उतरून जाळरेषा काढायला सांगितलं. आगीला खायला काही उरू नये म्हणून खरवडायचा पट्टा. आग खाली, आम्ही वर, मधे वाळकं झुडूप, मागे कडा, आणि दुपारचा वारा वर चढणारा. मी वायरलेसवर नाही म्हटलं. कारणं एकेक सांगितली आणि मागच्या डोंगराच्या धारेवरून रेषा काढतो असंही सुचवलं. बरं, धारेवर जा, म्हणाले. आवाज कोरडा होता, पण तो साहेब झाल्यापासून तसाच आहे.

आमचा एक नियम तुला ठाऊक नसेल. नाही म्हणणाऱ्याने कारण द्यायचं. आणि तेच काम दुसऱ्या टोळीला देताना साहेबाने सांगायचं, की आधीच्यांनी नाही म्हटलंय, आणि का. मग ती टोळी आपलं ठरवते.

धारेवरून पाहतो तर दुसरी टोळी, लंबूची, त्याच घळीत उतरत होती. आम्ही घसा फुटेस्तोवर ओरडलो. त्यांचा चॅनेल वेगळा. वारा चढला. आधीच जळून गेलेल्या काळ्या जमिनीत पळाले म्हणून जीव वाचले. लंबूचे दोन्ही हात भाजलेत. दवाखान्यात त्याने मला एवढंच विचारलं, की तू नाही म्हटलं होतंस हे मला कुणी का सांगितलं नाही.

मी त्याला काय सांगू? जावईबापूंना विचारून कळव. लोभ आहेच, उत्तर तेवढं लवकर येऊ दे.

तुझा,
दादा


१६ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि. तुझ्या पत्राची तऱ्हाच न्यारी! आधी दांडे, दाताळी, वायसर, आणि त्यांच्या ढिगाखाली बिचाऱ्या लंबूचे हात. 

यांना विचारलं तर ताटावरून उठले. मग बाल्कनीत उभं राहून म्हणाले, की गडबडीत राहून गेलं. थोड्या वेळाने म्हणाले, की सांगितलं असतं तर लंबूही नाही म्हणाला असता, आणि वरून तर फोनवर फोन येत होते. दादा, हे बहीण म्हणून लिहिते आहे. चौकशीत काढू नकोस.

चौकशी सोमवारी आहे. यांचं म्हणणं, तू एवढंच सांगावंस की माणसं दमली होती म्हणून नाही म्हटलं. धोक्याबद्दल तू काही बोललाच नसशील, तर पुढे सांगायला यांच्याकडे काही नव्हतं. वायरलेसवरचं बोलणं कुठे साठत नाही म्हणे.

तुझा हट्ट मी जाणते. सायकल मी मोडली हे कबूल करायला तू मला सगळ्या घरासमोर उभी केली होतीस, आणि नंतर स्वतःच ती दुरुस्त केलीस. पण ही सायकल नाही रे. यांची नोकरी जाईल, कदाचित खटला होईल. मुलगी कॉलेजात अर्ध्यावर आहे. तुझ्यासाठीही यांनी काही योजलंय. माणूस येईल, निदान त्याचं ऐकून घे.

रागाव हवं तर, पण माया पातळ करू नकोस.

तुझी,
बेबी


१९ एप्रिल

चि. सौ. बेबीस,
अ. उ. आ. माणूस येऊन गेला. चहा पाजला, ऐकून घेतलं.

बाल्कनीतलं बोलणं माझ्या तोंडून कुठे जाणार नाही. ते ज्याचं त्याने सांगावं. मी सांगणार ते माझं: काय बोललो, कोणत्या शब्दांत. माझी अख्खी टोळी शेजारी उभी राहून ऐकत होती. त्यांनाही खोटं बोलायला लावू? आणि माणसं दमली होती म्हटलं, की घळीत उतरण्याचा दोष सरळ लंबूच्या माथी. धडधडीत धोका दिसत असताना उतरला, असं होईल. ज्याचे हात भाजले त्याच्याच डोळ्यांना नावं ठेवायची? शिवाय उद्या कुठल्याही टोळीने नाही म्हटलं, की साहेब म्हणणार, दमलेत झालं, दुसऱ्यांना पाठवा.

जावईबापूंना आज फोन केला. म्हटलं, पहिलं नाव तुमचं पुकारतील, तेव्हा तुम्हीच बोला. आपण होऊन सांगितलेलं वेगळं आणि वदवून घेतलेलं वेगळं.   फोन त्यांनी लगेच ठेवला नाही, मीही नाही.

पोरीचं शिक्षण थांबणार नाही, हा माझा शब्द. तू माझ्याशी बोलायची थांबलीस तरी तो बदलणार नाही. जमलं तर थांबू नकोस.

तुझा,
दादा

ता. क. माणूस काय घेऊन आला होता ते तुला दुसऱ्याकडून कळू नये. प्रशिक्षण केंद्रातल्या अवजारांच्या कारखान्याचं प्रमुखपद. पदवीची अट माफ, राहायला घर, आगीवर पुन्हा जाणं नाही. पगार महिना चौऱ्याण्णव हजार. मी नको म्हटलं.